मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही

‘शस्त्रक्रियेविना मोतीबिंदू बरा’ अशी जाहिरात आज मोबाइलवर सहज दिसते. वास्तविक अशा जाहिरातीला कायद्याने बंदी आहे. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्यात, ज्या आजारांवरील इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे आणि तीत मोतीबिंदूचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भ्रामक औषधी जाहिरातींच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीबरोबर सरकारी यंत्रणांनाही फटकारले. तरी हा बाजार चालतो, कारण शस्त्रक्रियेची भीती त्याला गिऱ्हाईक मिळवून देते.

थेंब का चालत नाहीत? डोळ्यातले भिंग प्रथिनांचे बनलेले असते. वय वाढते तशी ही प्रथिने एकमेकांना चिकटून धुरकट होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग थंड केला तरी पुन्हा पारदर्शक होत नाही, तसेच हे आहे. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांचा मोतीबिंदू कमी झाल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले आणि आशा वाढली. पण माणसांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मोतीबिंदूवर तो परिणाम दिसला नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचाही मोठ्या चाचण्यांत ठोस उपयोग आढळला नाही. मध किंवा कांद्याचा रस डोळ्यात घातल्यास तर बुबुळाला इजा आणि जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो.

मग शस्त्रक्रियेशिवाय काहीच करता येत नाही का? येते, ते म्हणजे मोतीबिंदू लांबवणे आणि सुरुवातीच्या काळात नजर सांभाळणे. वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, उन्हातील अतिनील किरण, चुलीचा धूर आणि डोळ्याला मार हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. आयसीएमआरच्या २०२३ मधील पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. साखर वाढलेली राहिली की मोतीबिंदू लवकर येतो. शेतात टोपी किंवा रुंद काठाची हॅट, वेल्डिंग करताना योग्य चष्मा आणि बिडी-सिगारेट सोडणे, हे साधे उपाय आहेत.

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे स्टेरॉइड. डोळे लाल झाले की दुकानातून आणलेले थेंब महिनोन्महिने घातले जातात. त्यांत स्टेरॉइड असेल तर मोतीबिंदू होऊ शकतो, शिवाय काचबिंदूही होऊ शकतो आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनी त्या स्वतःहून बंद करू नयेत, पण डोळे नियमित तपासून घ्यावेत.

सुरुवातीच्या मोतीबिंदूत चष्म्याचा नंबर बदलणे, वाचताना भरपूर उजेड घेणे, चकाकी कमी करणारी काच वापरणे आणि रात्री गाडी न चालवणे एवढ्यावर काही वर्षे निभावते. साठीनंतर अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले, तर नजर सुधारली असे समजू नये. ते बहुधा मोतीबिंदूचेच लक्षण असते.

रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करावी. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला आता जुना झाला. फार पिकलेला मोतीबिंदू फुटून डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि शस्त्रक्रियाही अवघड होते. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाच्या ६६.२ टक्के रुग्णांत मोतीबिंदू हेच कारण आढळले. म्हणजे दर तिघांपैकी दोघांचे अंधत्व बहुतेकदा दूर होण्याजोगे होते. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. थेंबांच्या बाटलीवर खर्च होतात ते पैसे. पण त्याहून महाग पडतात ते वाट पाहण्यात गेलेले महिने. घरातील ज्येष्ठ पायरी चुकत असतील किंवा माणसे आवाजावरून ओळखत असतील, तर त्यांना या आठवड्यातच नेत्रतपासणीला न्या.