पथ्याला साइड इफेक्ट असतात!

तर झालं असं. मागच्या महिन्यात एका रविवारी पहाटे साडेचारला आईचा फोन आला. बाबा घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं धड कळत नाहीये. शेजारच्या काकांनी त्यांचा ग्लुकोमीटर आणला. साखर ५२. बाबा शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून आईने साखरपाणी पाजलं आणि निभावलं. ते साताऱ्यात, मी पुण्यात. फोनवर "आई, आता कसंय?" एवढंच विचारत बसलो.

कारण नंतर कळलं. बाबांनी तीन आठवड्यांपासून व्हॉट्सॲप ग्रुपवरचं 'मधुमेहमुक्ती' प्रकरण सुरू केलं होतं. भात-पोळी जवळपास बंद, रात्रीचं जेवण बंद, सकाळी पाऊण तास चालणं. आणि ग्लिमेपिराइडची गोळी? ती पूर्वीच्याच डोसमध्ये चालू! ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते. तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. ग्रुपवर बाबांनी त्रास सांगितला तर उत्तर काय? "शरीर विष बाहेर टाकतंय, काळजी नसावी. नैसर्गिक उपायांना साइड इफेक्ट नसतात."

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. आहार-व्यायामाशी नाही.

उलट मी म्हणतो, आहाराने साखर खरंच उतरते. म्हणून तर बाबांची ५२ वर आली ना! जी गोष्ट परिणाम करते, तिचा चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या मात्रेत अपायही होणारच. ज्याला साइड इफेक्ट शून्य, त्याचा इफेक्टही बहुधा शून्य. आमच्या धंद्यात एवढा मोठा बदल टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनला टाकला तर मॅनेजर केबिनमध्ये बोलावतो. इथे मात्र साठीच्या माणसाच्या शरीरात खुशाल टाकायचा.

आता आकडे बघू. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच उद्दिष्ट. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. वा! पण २००६ मध्ये चेन्नईतल्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, ते आपल्या लोकांवरचे. काहीच विशेष न केलेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. जीवनशैली बदललेल्या गटात सुमारे ३९ जणांना. म्हणजे फायदा नक्की झाला. पण त्या ३९ जणांना कुठल्या तोंडाने सांगणार, की तुमचीच इच्छाशक्ती कमी पडली?

आणि 'मुक्ती'चं म्हणाल तर ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास आहे. तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरी, मग हळूहळू नेहमीचं अन्न. वर्षभराने ४६ टक्के लोकांची साखर मधुमेहाच्या गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, दोन वर्षांनी ३६ टक्के लोकांची. जबरदस्त गोष्ट आहे, मान्य. पण त्यात मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले, वजन जास्त असलेले आणि इन्सुलिन न घेणारेच लोक होते. गोळ्या पहिल्याच दिवशी ठरवून बंद केल्या होत्या, देखरेखीखाली. शिवाय तिथले डॉक्टर 'बरा झाला' म्हणत नाहीत, 'आटोक्यात गेला' म्हणतात. कारण तो परत येऊ शकतो. ग्रुपवाले यातलं फक्त '४६ टक्के' उचलतात, बाकीचं गिळतात. टाइप १ वाल्या एखाद्या पोराने हे वाचून इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेतेल, हे कुणी लिहीत नाही.

पण सगळा दोष ग्रुपला देऊन मी हात झटकणार नाही. बाबा तिकडे गेले का? कारण डॉक्टरांकडे दोन मिनिटं मिळायची आणि त्यात "गोड कमी करा, चालत जा" एवढंच. म्हणजे काय? बाबांनी साखर सोडून गूळ धरला! (गूळ म्हणजे साखरच हो.) ज्वारीची भाकरी चांगली म्हणून एका बैठकीला तीन खाल्ल्या. गोळी लिहिताना मिलिग्रॅम लिहायचे, दिवसातून किती वेळा ते लिहायचं, आणि आहार मात्र तोंडी, मोघम. ग्रुपवर निदान कुणीतरी रोज विचारायचं, "काका, आज काय जेवलात?"

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे असल्याचा अंदाज दिला. आणि "मी बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी : पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! माझं स्वतःचं एचबीए१सी ५.९ आलंय, वय २८. रोजचे तीन चहा, बिस्किटं आणि रात्री अकराला जेवण, दुसरं काय होणार.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. पथ्य हे औषध आहे, तर त्याला औषधासारखंच वागवा. सुरू करण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचाराच : मी जेवण कमी केलं तर कुठली गोळी कमी करायची? साखर कधी-कधी तपासायची? किती खाली गेली तर फोन करायचा? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका.

बाबांनी पथ्य सोडलं नाही. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन ठेवली. आता दीड भाकरी, मोड आलेली मटकी, कोशिंबीर, ताक, जेवणानंतर वीस मिनिटं फेरी. आकडे वहीत. काल फोनवर म्हणाले, "सकाळची १२४. तुझी किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. असो, सोमवारी चहा बिनसाखरेचा. बघू किती दिवस टिकतंय :)