तिसरा हिस्सा

गवत वाढले की माणसाचे पोट भरते, हे गुराख्यांना पूर्वापार ठाऊक आहे. मला ते वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळले. या सदरात एरवी मी दुसऱ्यांच्या उद्योगात नाक खुपसत असतो; आज दिवाळीच्या निमित्ताने स्वतःच्याच उद्योगाची हकिगत सांगतो.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. त्यानंतरच्या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या मानाने सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. त्या २४ टक्क्यांत मीही होतो. "दिवस पालटले की बोलावतो, जरा थांबा," असे मालकांनी गोड शब्दांत सांगितले. मी थांबलो. दिवस पालटले; बोलावणे काही आले नाही.

जून २०२१ मध्ये दुसरी लाट ओसरली आणि सरकारने टप्प्याटप्प्याने व्यवहार खुले केले. तेव्हा आमच्या बाणेर भागात फिरताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. ज्या त्या सोसायटीच्या हिरवळीवर गवत माजले होते. माळी गावी निघून गेलेले. पाऊस मात्र वेळेवर हजर. इथे धंदा आहे, असे मला वाटले. घरी हा बेत सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, "गवत कापायचे पैसे? आमच्या माहेरी गवत कापून न्यायला लोक परवानगी मागतात!"

मराठवाड्यातून नुकतेच परतलेले एक माळीमामा भेटले. त्यांच्यापाशी वीस वर्षांचा अनुभव, माझ्यापाशी फंडाचे थोडे पैसे आणि बरे अक्षर. गवत कापण्याचे पेट्रोलवरचे एक जुने यंत्र घेतले. सरकारची 'उद्यम' नोंदणी केली. ती आधार क्रमांक देऊन घरबसल्या होते आणि फुकट होते. या धंद्यात फुकट झालेले ते पहिले आणि शेवटचे काम.

पहिल्याच सोसायटीत गवत हातभर नाही, तरी वीतभराच्या वर, चांगले बारा इंच होते. सचिवांनी फर्मावले, "पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आहे. उद्याच्या उद्या गालिचा करून टाका." मी "होय" म्हणणार, तोच मामा मध्ये बोलले, "नाही जमणार, साहेब. एका वेळी तिसरा हिस्साच कापायचा. जास्त कापलं की मूळ उपाशी मरतं."

पुढे मला त्याचा अर्थ कळला. गवताचे अन्न पात्यात तयार होते. पाते एकदम खरवडले, तर खालच्या पिवळ्या काड्या उघड्या पडतात, मुळे खंगतात आणि मोकळ्या जागेत लव्हाळा घुसतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत असतात. वरून कितीही उपटा, तो पुन्हा हजर! म्हणून आम्ही बाराचे आठ केले, चारपाच दिवसांनी आठाचे साडेपाच, मग साडेतीन, मग अडीच. झेंडावंदनाला हिरवळ खरोखरच गालिच्यासारखी दिसली. सचिवांनी स्वतः त्यावर उभे राहून फोटो काढून घेतला.

माझा हिशेब मात्र पिवळा पडला होता. मी महिन्याला दोन कापण्या धरून दर सांगितला होता आणि पावसाळ्यात तर दर आठवड्याला कापावे लागते. त्यातच जूनमध्ये पुण्यात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली होती आणि दिवाळीपर्यंत ते एकशेदहाच्याही वर गेले. मंदीत घाबरून सांगितलेला दर तेजीत आपल्याच गळ्यात पडतो, हा धडा मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नसता.

सप्टेंबरात गणपती आले. आमच्या त्या हिरवळीत हरळी होती. मामा म्हणाले, हीच देवाची दूर्वा. सोसायटीतल्या बायका येऊन एकवीस एकवीस पात्यांच्या जुड्या खुडून नेऊ लागल्या. बिल मात्र कुणाला खुडता येईना. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. "अजून वर्गणीच जमलेली नाही," असे उत्तर मिळे. लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. तो मी पाठ करून ठेवला होता. पण कायदा बाहेर काढला, तर गिऱ्हाईक जाईल, ही धास्ती.

त्या वर्षी ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. त्याच्या चार दिवस आधी मामा दारात उभे राहिले. दोन महिन्यांची मजुरी बाकी होती. गावी जायचे होते, मुलांना कपडे न्यायचे होते. एस.टी.च्या संपाला सुरुवात झालेली. खासगी गाडीचे भाडे जास्त. मी तोंड उघडले. "मामा, जरा थांबा," एवढे शब्द ओठांवर आले आणि मी एकदम चपापलो. हे वाक्य माझे नव्हते. ते मी दीड वर्षापूर्वी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून ऐकले होते.

फंडातले उरलेसुरले पैसे काढले, मजुरी चुकती केली, वर फराळाचा डबा दिला. मग तडक सचिवांकडे गेलो. ते म्हणाले, "बिल देतो, पण पुढे दर निम्मा करा. अजून सगळं सावरतंय."

मी म्हणालो, "साहेब, एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापलं, तर मूळ मरतं." ते माझ्याकडे पाहत राहिले, मग हसले. थंडीत गवत सावकाश वाढते, कापण्या कमी लागतात. तेव्हा हिवाळ्यापुरता दर तिसऱ्या हिश्शाने कमी, पावसाळ्यात आठवड्याच्या कापणीप्रमाणे वाढीव आणि पैसे दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत, असे कागदावर लिहून घेतले. कायदा खिशातच राहिला.

मामा परत येतील की नाही, याची मला खात्री नव्हती. टाळेबंदीत गेलेले कितीतरी लोक गावीच राहिले होते. त्यांच्या गैरहजेरीत यंत्र मी चालवले. तुळशीचे लग्न उरकून एके सकाळी ते हजर झाले, सोबत नव्या बाजरीची पिशवी. त्या वर्षी देशाचे उत्पन्न साडेआठ टक्क्यांहून अधिक वाढले, असे पुढे जाहीर झाले. मला ते मामांनी दारात चपला काढल्या तेव्हाच कळले होते.

आम्ही दोघे हिरवळीवर गेलो. मामांनी वाकून गवतावरून हात फिरवला आणि मान हलवली.

"साहेब," ते म्हणाले, "जरा जास्तच कापलंत."