झाडांचे पंचांग तीन वर्षांत वाचता येत नाही

म्हैसूर असो वा पुणे, बहावा आठवडाभर आधी फुलला की बातमी ठरलेली: हवामान बदलले, झाडे गोंधळली. पुढच्या वर्षी तोच बहावा वेळेवर फुलतो, तेव्हा बातमी होत नाही. एका बहरावरून काढलेला निष्कर्ष हे विज्ञान नव्हे, अटकळ आहे.

अनेक वनवृक्ष दरवर्षी सारखे बी देत नाहीत. काही वर्षे जवळजवळ रिकामी जातात आणि एखाद्या वर्षी सारे रान बियांनी लगडते. या बीजवर्षामागे हवामान असते. पण कळी धरतानाचे तापमान, परागीभवनाच्या वेळचा पाऊस, झाडातला अन्नसाठा आणि मागच्या बहराचा थकवा यांचा तो एकत्रित हिशेब असतो. युरोपातील बीच वृक्ष लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांतील तापमानाच्या फरकाला प्रतिसाद देतो. उलट बंदीपूर-नागरहोळेतील काटेरी बांबू अनेक दशकांनी एकदम फुलतो, बी देतो आणि मरतो. त्याचे घड्याळ मुख्यतः आतले आहे. दोघांनाही ‘हवामानामुळे’ हे एकच लेबल चिकटवणे हा निव्वळ आळस आहे.

हा भेद कळण्याचा मार्ग एकच: तीच झाडे वर्षानुवर्षे पाहणे. ब्रिटनमध्ये बीचचे बी १९८० पासून मोजले जाते. म्हणूनच २०२० मध्ये दाखवता आले की, तापमानवाढीत बी वाढूनही झाडांमधला मेळ बिघडला आणि बी खाणाऱ्या किडींचे फावले.

भारतात असे काम होत नाही असे नाही. म्हैसूर-उटी रस्त्यावरील मुदुमलैच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्था १९८८ पासून ५० हेक्टरांतील झाडांचा मागोवा घेते. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनशी निगडित ‘सीझनवॉच’मध्ये शाळकरी मुले आणि नागरिक ठरावीक झाडांची पाने, फुले, फळे दर आठवड्याला नोंदवतात. परंतु हे अपवाद आहेत. नियम आहे तो तीन वर्षांच्या अनुदानाचा, ज्यात कदाचित एकही बीजवर्ष येणार नाही.

याची किंमत जंगल मोजते. वनीकरणात लावलेल्या रोपांचे आकडे मिरवले जातात. ती कोणत्या वर्षीच्या, किती झाडांच्या बियांपासून वाढवली, हे कोणी विचारत नाही. रिकाम्या वर्षी मोजक्या झाडांचे बी गोळा केले, तर त्या रोपवनाची आनुवंशिक विविधता पहिल्याच दिवशी आटते.

प्रत्येक वनविभागात खुणा केलेली काही झाडे, त्यांखाली बी झेलणाऱ्या जाळ्या, नेमाने भरलेली नोंदवही आणि सर्वांना खुली माहिती, एवढे किमान तीस वर्षे चालू ठेवणे हा अवाढव्य खर्च नाही. तो टाळून झाडे गोंधळली म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचा गोंधळ आवरावा.