अपराध वळणाचा कीं निवडणाराचा ?

सुशिक्षित म्हणविणाऱ्या मंडळींत सोंवळें-ओंवळें पाळण्याची एक नवी रीत आमच्या पाहण्यांत आली आहे. संगणकावरील ‘कॉमिक सॅन्स’ या अक्षरवळणांत छापलेलें कांहीं समोर आलें, कीं मजकूर वाचण्यापूर्वींच हीं मंडळी नाकें मुरडतात. या तिरस्कारास रसिकता म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

आधीं वस्तुस्थिति पाहूं. सन १९९४ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनींतील व्हिन्सेंट कॉनेअर यांच्या दृष्टीस ‘मायक्रोसॉफ्ट बॉब’ या नवशिक्यांसाठीं चाललेल्या रचनेचा नमुना पडला. त्यांत चित्रांतला एक कुत्रा बोलत होता. पण त्याचे बोल छापले होते ‘टाइम्स न्यू रोमन’मध्यें, म्हणजे १९३२ सालीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत प्रथम अवतरलेल्या भारदस्त वळणांत! कुत्र्याच्या तोंडीं हा अग्रलेखी थाट कॉनेअर यांस खटकला, आणि चित्रकथांतील हातअक्षर पुढें ठेवून त्यांनीं हें वळण घडविलें. तें त्या रचनेसाठीं वेळेवर तयार झालें नाहीं. पुढें विंडोज ९५ च्या काळांत मात्र घरोघरच्या संगणकांवर जाऊन बसलें. ज्याचा जन्मच औचित्याच्या जाणिवेंतून झाला, त्यालाच अनौचित्याचें प्रतीक ठरविण्यांत आलें.

औचित्यविचार आपणांस नवा नाहीं. कमरपट्टा गळ्यांत व हार कमरेस बांधणारा हास्यास्पद होतो, असें काश्मीरच्या क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांतच सांगून ठेविलें आहे. तेथें हसें होतें तें बांधणाराचें; हाराच्या मोत्यांचें पाणी त्यामुळें उतरत नाहीं. न्यायालयाची नोटीस किंवा मृत्यूची वार्ता कोणी या खेळकर वळणांत छापील, तर त्यास दोष अवश्य द्यावा. परंतु इंडियानापोलिसच्या ज्या कलावंत दांपत्यानें या वळणावर बंदी घालण्याची चळवळ काढली, त्यांचा मूळ राग एका बालसंग्रहालयाच्या कामावरून होता! लहान मुलांच्या संग्रहालयांत हें वळण शोभूं नये, तर मग शोभावें तरी कोठें?

४ जुलै २०१२ रोजीं जिनीव्हाजवळील ‘सर्न’ संस्थेंत हिग्ज बोसॉनशीं जुळणाऱ्या कणाचा शोध जाहीर झाला. फाबिओला जानोत्ती यांनीं पडद्यावर दाखविलेला मजकूर याच वळणांत होता. ती निवड आम्हांसही रुचली नाहीं. पण द्रव्याच्या घडणीचें इतकें जुनें कोडें सुटत असतां ज्यांस अक्षरांच्या गोलाईपलीकडे कांहीं दिसलें नाहीं, त्यांच्या रसिकतेची आम्हांस कींव येते.

ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन वाचनाची अडचण असणारांसाठीं जीं सुटसुटीत वळणें सुचविते, त्यांत हेंही आहे. कारण त्यांतील अक्षरें दाटीवाटीनें उभीं राहिल्यासारखीं भासत नाहींत. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठीं एखाद्या शिक्षिकेनें याच वळणांत धडा छापून दिला, तर थट्टा करण्यापूर्वीं आमच्या सुशिक्षित बंधुभगिनींनीं त्या मुलाच्या चेहऱ्याकडे एकवार पाहावें. अक्षर वाचणाराकरितां असतें, एवढें ध्यानांत ठेविलें तरी पुष्कळ झालें.