बगळा, पिवळा थर आणि ‘फरक लिहा’



‘प्राणी जागा बदलतात, वनस्पती बदलत नाहीत’ हे वाक्य मी तिसरीच्या वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. गेल्या पावसाळ्यात त्याचीच परीक्षा झाली.

बोरिवलीत आमच्या शाळेमागच्या नाल्याकाठी एक वंचक बगळा बसतो. मातकट रंगाचा, मान आखडून, अगदी पुतळ्यासारखा. उडाला की मात्र पांढरेशुभ्र पंख दिसतात! तिथेच एका कुजक्या ओंडक्यावर पिवळा, ओलसर थर आला होता. मी म्हटलं, “बुरशी आहे, हात लावू नका.” एका मुलीने त्याच्या कडेला टाचणी टोचून खूण केली. दुसऱ्या दिवशी थर टाचणीच्या चार बोटं पुढे! तिने वहीत लिहिलं, ‘बगळा बसून राहतो. बुरशी चालते.’ मी लाल पेनाने फुली मारली.

घरी येऊन वाचलं, तेव्हा चूक माझीच निघाली. तो स्लाइम मोल्ड होता. दिसतो बुरशीसारखा, पण प्राणी नाही, वनस्पती नाही आणि बुरशीही नाही. नातं अमीबाशी जवळचं. तो हळूहळू सरकतो आणि जिवाणू खातो. त्याला मेंदू नाही. तरी २००० साली जपानमध्ये तोशियुकी नाकागाकी यांच्या प्रयोगात अशाच एका पिवळ्या स्लाइम मोल्डने चक्रव्यूहात अन्नापर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता धरला. आपल्या राष्ट्रीय उद्यानातही पावसाळ्यात कुजक्या लाकडांवर असे जीव दिसू शकतात. फक्त बघायचे, उचलून आणायचे नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की ‘फरक लिहा’ म्हटलं की मुलं न बघताच दोन रकाने भरतात, आणि आपणही न बघताच तपासतो. आधी दहा मिनिटं बघू द्या. मग ‘सारखेपणा’ हा तिसरा रकाना द्या. बगळा मासे, बेडूक खातो, थर जिवाणू खातो. दोघांनाही ओलावा लागतो, दोघेही वाढतात. हे मुलं स्वतः शोधतात.

“मग परीक्षेत काय लिहायचं?” असं एका पालकांनी विचारलं. प्रश्न रास्तच आहे. पुस्तकातलं वाक्यच लिहायचं, पण शिकवताना त्याआधी ‘बहुतेक’ हा शब्द जोडायचा.

त्या मुलीच्या वहीतली फुली मी खोडली आणि वर्गासमोर म्हटलं, “बाळा, माझं चुकलं.” त्यानंतर वर्गात हात जास्त वर येऊ लागले.