जुळ्या वासरांचे खरे मोल

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. देवासच्या गादीच्या तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा एकाच गावी नांदल्या. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. मराठी घरे मात्र माळव्यातच राहिली व त्यांच्या दावणीच्या गाईही राहिल्या. अशा घरी गाय जुळी व्याली की एका वेतात दुहेरी लाभ झाला असे मानतात. हा हिशेब पुरा नाही, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दोन्ही कालवडी असतील तर आनंद सार्थ आहे. परंतु बहुतेक जुळी दोन निराळ्या बीजांपासून होतात. म्हणून सुमारे निम्म्या जोड्यांत एक गोऱ्हा व एक कालवड असते. गर्भाशयात दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींस मिळतात, नराची संप्रेरके मादीच्या अंगी जातात आणि तिची जननेंद्रिये अपुरी राहतात. फ्रँक लिली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ साली याचा उलगडा केला. अशा शंभर कालवडींतील नव्वदांहून अधिक वांझ निघतात. गोऱ्ह्याचे प्रजनन बहुधा ठीक राहते.

जुळी वासरे जन्मतः हलकी व नाजूक असतात. पहिल्या काही तासांत दोघांनाही पोटभर चीक पाजला आणि पुढे दूध तोडले नाही, तर वाढीची तूट बरीच भरून निघते. गाईची मात्र वार अडकते, ती उशिरा गाभण राहते व पुढचे वेत लांबते. हा खर्च कोण मोजतो?

परदेशांत अशी कालवड मांसासाठी पोसतात. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशहत्येस बंदी आहे. तेव्हा दोन-तीन वर्षे चारा खाऊन ती न फळल्यास गोशाळा किंवा रस्ता एवढेच तिच्या नशिबी उरते. कित्येकदा त्याआधीच ती ‘चांगल्या गाईची कालवड’ म्हणून बाजारात विकली जाते आणि कर्ज काढून ती घेणारा गरीब शेतकरी बुडतो. जाणूनबुजून केलेल्या अशा विक्रीस आम्ही फसवणूकच म्हणतो.

उपाय अवघड नाही. पशुवैद्य लहानपणीच योनिमार्गाची लांबी बोथट नळीने मोजून दोष ओळखू शकतो. रक्ततपासणीने खात्री होते. महू येथे १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांनी हे ज्ञान गावोगावच्या दूध संस्थांपर्यंत न्यावे. कानातील बिल्ल्याच्या नोंदीत ‘गोऱ्ह्यासह जुळी’ हा शेरा सक्तीचा करावा. विकणाऱ्याने सांगावे, घेणाऱ्याने विचारावे. गोठ्यातील आनंदास आमचा विरोध नाही. तो शेजाऱ्याच्या नुकसानीवर उभा राहू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.