परक्याच्या दिव्यावर आपली दिवाळी?

देशात चिपचे कारखाने उभे राहत असल्याचा आनंद सर्वत्र व्यक्त होत आहे आणि तो योग्यच आहे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र शासनाने 76 हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली. 2024 मध्ये गुजरातेतील धोलेरा येथील कारखान्याला मान्यता मिळाली. परंतु या जयघोषात एक प्रश्न विचारायचा राहून गेला आहे. विजेच्या जोडीला प्रकाशावर चालणाऱ्या चिपांचे युग सुरू झाले आहे. आपल्या चिपमधील तो प्रकाश कोणाचा असेल?

विषय क्लिष्ट वाटला, तरी त्याचे मर्म सोपे आहे. लेझर प्रकाश निर्माण करतो. इंटरफेरोमीटर त्या प्रकाशाला दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणतो. लहरी जुळल्या तर उजेड, परस्परविरोधी आल्या तर अंधार. हेच संगणकाचे एक आणि शून्य! वाटेत क्षीण झालेल्या प्रकाशाला सेमीकंडक्टर प्रवर्धक नवे बळ देतो. हेच प्रवर्धक इंटरफेरोमीटरच्या दोन्ही वाटांवर बसवले, की विजेच्या मध्यस्थीवाचून एक किरण दुसऱ्या किरणाला चालू-बंद करू शकतो.

मेख पुढेच आहे. सिलिकॉन प्रकाश वाहून नेतो. मात्र स्वतः प्रकाश देण्याच्या कामी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. लेझर आणि प्रवर्धक यांसाठी इंडियम फॉस्फाइडसारखे पदार्थ लागतात. म्हणजेच सिलिकॉनचा कारखाना उभारला, तरी दिवा बाहेरूनच आणावा लागेल.

यावर आपल्याकडील व्यवहारचतुर मंडळींचे उत्तर ठरलेले असते : ‘बाजारात मिळते, मग बनवायचे कशाला?’ फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने इंडियम फॉस्फाइडच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. बाजार किती मुक्त असतो, हे समजण्यास आणखी कोणता पुरावा हवा? 1980 च्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम’ घडवून उत्तर दिले. प्रत्येक वेळी नकाराचा चाबूक बसल्यावरच आपण जागे व्हायचे काय?

क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान असलेल्या नेदरलँड्सने 2022 मध्ये याच तंत्रज्ञानासाठी 110 कोटी युरोंची योजना आखली. आयंटहोव्हन येथे विद्यापीठ आणि उद्योग खांद्याला खांदा लावून उभे आहेत. 2004 मध्ये असे परिपथ मोठ्या प्रमाणावर बाजारात आणणाऱ्या अमेरिकेतील ‘इन्फिनेरा’ कंपनीच्या संस्थापकांत भारतीय वंशाचे जगदीप सिंग होते. बुद्धी आपल्या रक्ताची, कारखाना कॅलिफोर्नियात!

आपल्याकडे काहीच नाही, असेही नव्हे. मद्रास आयआयटीत सिलिकॉन फोटॉनिक्सचे केंद्र कार्यरत आहे. केंद्राच्या योजनेतही या क्षेत्राचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु उल्लेख म्हणजे उभारणी नव्हे. 1904 मध्ये जगदीशचंद्र बसूंना सेमीकंडक्टर शोधकाचे पेटंट अमेरिकेत मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानातून प्रयोगशाळा किती उभ्या राहिल्या?

शासनाला जाब विचारायलाच हवा. पण थोडा स्वतःलाही विचारू या. आपला मुलगा किंवा मुलगी भौतिकशास्त्रात संशोधन करू म्हणाली, तर किती घरांत पेढे वाटले जातात? परक्याच्या तेलावर पेटलेली पणती किती वेळ तेवायची, हे त्या परक्याच्या हाती असते. दिवाळी आपली हवी असेल, तर दिवाही आपल्याच घरी घडला पाहिजे.